शेवटचा शब्द आरोपीचा

पूर्वसूरींनी क्रोध आणि मन्यू यांत भेद केला आहे. क्रोध स्वतःच्या अपमानातून उपजतो आणि माणसाला आंधळा करतो. मन्यू अन्यायाच्या दर्शनाने जागा होतो आणि माणसाची दृष्टी अधिक तीक्ष्ण करतो. भालचंद्रराव वझलवार यांना मी क्रुद्ध झालेले क्वचितच पाहिले; मन्यूवाचून मात्र त्यांचा एकही दिवस गेलेला मला आठवत नाही. असा माणूस शेजारी असणे हे भाग्य असते आणि थोडी गैरसोयही.

भोपाळच्या ज्या मोठ्या कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहत होतो, तिथे ते ‘मालतीबाईंचे यजमान’ म्हणून राहत. क्वार्टर मालतीबाईंच्या नावावर होते. त्या वसाहतीच्या शाळेत गणित शिकवीत, मी संस्कृत. शहरात ज्यांच्या उलटतपासणीला भलेभले साक्षीदार घाबरत, ते जिल्ह्याचे सरकारी वकील वसाहतीत पत्नीच्या पाटीखाली राहतात, याची लोकांना मोठी मौज वाटे. त्यांना स्वतःलाही वाटे. “शास्त्रीबुवा,” ते मला म्हणत, “या घरात माझा ताबा आहे, मालकी नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगली जागा कोणती?”

त्यांचे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. छप्पन्न साली राजधानी भोपाळला आली तेव्हा दप्तरांबरोबर तेही आले आणि आयुष्यभर इथल्या वांग्यांना नावे ठेवत राहिले. भालचंद्रराव मात्र या गावात पुरते रुजले. संध्याकाळी पेरूच्या झाडाखालच्या ओट्यावर ते वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि एखादी बातमी वाचून त्यांचा आवाज चढला की पलीकडच्या ओळीतल्या खिडक्या उघडत. निवडणुकीत उभे राहणारे गुन्हेगार, तारखांमागून तारखा देणारी न्यायालये, सत्ता बदलली की आपल्या माणसांवरचे खटले गुंडाळणारे मंत्री, यांपैकी कोणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे.

“वकीलसाहेब, सरकारचं मीठ खाता आणि सरकारलाच झोडपता?” मराठी मंडळाचे अध्यक्ष अनंतराव केळापुरे यांनी एकदा त्यांना छेडले. अनंतराव कारखान्याच्या लेखा विभागात मोठ्या हुद्द्यावर होते आणि कोणाशीही वाकडे न येणे हे त्यांचे जीवनव्रत होते.

“मीठ जनतेचं असतं हो, अनंतराव. सरकार म्हणजे नुसतं बरणीचं झाकण.”

“झाकण उडालं तर?”

“काहून उडेल? तुम्ही सगळे वरून हात दाबून बसला आहात ना! या वसाहतीत राहून आपण इतके आज्ञाधारक झालो आहोत, की नळाला पाणी आलं तरी व्यवस्थापनाचे आभार मानतो.”

या संतापी माणसाचे न्यायालयातले वर्तन मात्र एखाद्या व्रतस्थासारखे होते. आपली बाजू लंगडी करणारा कागद हाती आला, तरी तो ते स्वतः होऊन बचाव पक्षाला देत. पोलीस अधिकारी चिडत. ते म्हणत, “मी शिक्षा मिळवायला उभा नाही, खरं काय ते न्यायासनापुढे ठेवायला उभा आहे.” खटल्याच्या अखेरच्या युक्तिवादात आधी सरकारी वकील बोलतो आणि त्यानंतर आरोपीची बाजू बोलते. ही रीत त्यांना मंत्रासारखी वाटे. “शेवटचा शब्द आरोपीचा. ज्या समाजात हे पाळतात तिथेच न्याय नांदतो,” असे ते म्हणत, आणि त्या वेळी त्यांच्या आवाजातला कडवटपणा क्षणभर मावळे.

या व्रताचीच पुढे कसोटी लागली.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कारखान्याच्या फाटकाशी दोन कामगार संघटनांत मारामारी झाली आणि मोहन बावणे नावाचा क्रेनचालक लोखंडी सळीच्या घावाने मरण पावला. त्याची पत्नी शकुंतला त्या वेळी त्याचा डबा घेऊन फाटकाशी आली होती. सळी कोणाच्या हातात होती हे तिने पाहिले. तो मनुष्य कामगारांचा एक पुढारी होता. त्याचे नाव मी लिहीत नाही. तो आज हयात नाही आणि त्याला उत्तर देता येणार नाही.

शकुंतलेला धमक्या आल्या. वर्ध्याकडून या परमुलखात आलेली, पदरी लहान मूल असलेली ती विधवा पिंजऱ्यात उभी राहिली आणि भालचंद्ररावांच्या प्रश्नांना न अडखळता उत्तरे देऊ लागली. ते सांगत, “तिचा आवाज ऐकून न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.” साक्ष अर्ध्यावर असताना त्या दिवसाचे कामकाज संपले. उरलेली साक्ष दुसऱ्या दिवशी व्हायची होती.

ती झालीच नाही. खून झाल्यापासून साक्षीपर्यंतच्या काळात सत्तेची गणिते बदलली होती आणि त्या पुढाऱ्याची सरकारला गरज होती. खटला मागे घेण्याचा अधिकार कायद्याने सरकारी वकिलाला दिला आहे. त्याने तो स्वतःच्या विवेकाने वापरावा आणि न्यायालयाची संमती घ्यावी, असा नियम आहे. सरकार सुचवू शकते, हुकूम करू शकत नाही. म्हणून हुकूम निघाला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरात फोन आला. फोन करणारे विधी खात्यातले एक ज्येष्ठ अधिकारी होते. लोकहितासाठी हा खटला मागे घ्यावा, असे त्यांनी सुचविले.

“लेखी द्या,” भालचंद्रराव म्हणाले.

“लेखी द्यायचं असतं तर फोन कशाला केला असता?”

“मग मीही तोंडीच सांगतो. नाही.”

ते न्यायालयात पोहोचण्यापूर्वी त्यांच्याकडून तो खटला काढून घेतल्याचा आदेश तिथे पोहोचला होता. दुसऱ्या वकिलाने अर्ज केला, तो मंजूर झाला, आरोपी निर्दोष ठरून हार घालून बाहेर पडला. सकाळच्या वर्तमानपत्राने बातमी दिली की सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला, आणि सवयीने वझलवारांचे छायाचित्र छापले. शहराला सरकारी वकील म्हणून तोच एक चेहरा ठाऊक होता.

त्यांनी त्याच आठवड्यात पद सोडले, पण खुलासा छापून आणला नाही. मी रागावून कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “माझ्या निर्दोषपणाला मी स्वतःच साक्षीदार कसा होऊ? फोन करणारा बोलेल तेव्हा खरं.” ‘फोन मी केला होता’ एवढे एकच वाक्य जाहीरपणे बोलण्याची विनंती त्यांनी त्या अधिकाऱ्याला केली. “झालं गेलं विसरा, भालचंद्रराव,” असे त्याने हसून सांगितले.

शकुंतला विसरली नाही. तिला नवऱ्याच्या जागी वसाहतीच्या शाळेत शिपायाची नोकरी मिळाली. तास संपल्याची घंटा तीच वाजवी. रोज सकाळी ती वझलवारांच्या फाटकावरून जाई आणि फाटक आले की मान दुसरीकडे वळवी. संक्रांतीला ती सर्व अध्यापकांच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोला म्हणे. मालतीबाईंचा तिळगूळ टेबलावर ठेवून मुकाट्याने निघून जाई. मालतीबाईंनी एकदा तिला थांबवून सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकले.

“बाई, तुमी त्यायच्या बायको. तुमी दुसरं काय सांगान?” ती म्हणाली. “माह्या तोंडून सारं वदवून घेतलं, अन् मंग इकून टाकलं. पेपरात फोटो होता त्यायचा.”

मालतीबाई घरी येऊन नवऱ्यावर कडाडल्या. “फोन मी उचलला होता. मी चार लोकांसमोर सांगते.”

“तू माझी बायको. तुझ्या साक्षीला हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष म्हणतात.”

“म्हणजे जे ऐकलं ते मी लग्नाच्या आधी ऐकायला हवं होतं का?”

ओट्यावर मी होतो. मला हसू आले, पण त्या दोघांनाही आले नाही.

पुढे ते संध्याकाळच्या विधी महाविद्यालयात शिकवू लागले आणि लिहू लागले. ‘खटला मागे’ हे त्यांचे पुस्तक निघाले आणि ते पाहता पाहता प्रसिद्ध लेखक झाले. त्या पुस्तकाच्या पानापानांत अंगार होता. सरकारी वकील हा राजाचा सेवक की न्यायासनाचा, हा प्रश्न त्यांनी इतक्या निर्भयतेने विचारला होता, की वाचताना मला आपल्या जुन्या दंडनीतिकारांचे स्मरण झाले. राजकारण्यांवर त्यांनी कोरडे ओढले होते, आणि मान तुकवणाऱ्या वकिलांवर त्याहून अधिक. फोन करणारा अधिकारी मात्र निनावी होता, कारण त्याचे म्हणणे ऐकले गेले नव्हते. साक्षीदार स्त्रीचा उल्लेखही ‘मृताची पत्नी’ एवढाच होता. तो तिच्या सुरक्षेसाठी.

आणि आमच्या लोकांनी त्या पुस्तकाचे काय केले? त्यांनी ते चवीने वाचले! “काय खुसखुशीत लिहिलंय!” असे म्हणून दिवाळीत भेट म्हणून वाटले. तो अधिकारी कोण असेल यावर चार इमलीच्या सरकारी बंगल्यांपासून अरेरा कॉलनीपर्यंत चहाच्या कपांवर पैजा लागल्या. एका माणसाच्या हत्येचा न्याय गळा दाबून मारला गेला, हे वाचून कोणाचा घास अडला नाही. मराठी माणसाला आठवणींचे पुस्तक म्हटले की किस्सेच दिसतात. आरोपपत्रसुद्धा शैलीदार असेल तर तो त्याला दाद देऊन मोकळा होतो. मालतीबाईंनी ते पुस्तक शकुंतलेला वाचायला दिले होते. तिने परत आणून दिले. “ज्याले नाव नाही तो माणूस कसा, बाई? हे त्यायनं मनचं लिवलं.”

नव्वदीच्या आरंभी मराठी मंडळाने वसाहतीच्या सभागृहात भालचंद्ररावांचा सत्कार ठरविला. अध्यक्ष म्हणून निवृत्त विधी सचिव बाळकृष्ण सरंजामे यांना बोलावले गेले. मूळचे ग्वाल्हेरचे, गोड गळ्याचे, मंडळाचे जुने आश्रयदाते. सभागृह विनाभाडे मिळे ते त्यांच्याच शब्दावर. अनंतरावांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हते. ते आनंदाने निमंत्रण घेऊन आले आणि भालचंद्ररावांनी अध्यक्षांचे नाव वाचून पत्रिका सावकाश घडी घातली.

“चालेल ना?” अनंतरावांनी विचारले.

“उत्तम. किती वर्षं वाट पाहतो आहे.”

मंडळाच्या कार्यवाह मालतीबाई होत्या. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात शकुंतलेला गाठले. “ज्यानं फोन केला तो माणूस येणार आहे. तू ये.”

“येते. पण पाहाले येते. ऐकून लय झालं.”

सभागृह भरले. सरंजामे यांनी स्वतःच्या हाताने भालचंद्ररावांच्या खांद्यावर शाल घातली, हाती नारळ दिला, आणि छायाचित्रकारासाठी दोघे क्षणभर तसेच उभे राहिले. आयुष्यात मी पाहिलेल्या असभ्य दृश्यांत त्या सभ्य दृश्याचा क्रमांक फार वरचा लागेल. दाराजवळ, भिंतीला टेकून, शकुंतला उभी होती.

भालचंद्रराव बोलायला उठले तेव्हा त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. त्यांनी किस्से सांगितले नाहीत. त्या सकाळचा फोन शब्दशः सांगितला, न्यायालयातला अर्ज सांगितला, फाटकाबाहेरचा हार सांगितला. मग ते अध्यक्षांकडे वळले. “तो अधिकारी हयात आहे, भोपाळातच आहे. मी त्याचं नाव घेतलेलं नाही आणि आजही घेणार नाही. त्याचं म्हणणं त्यानं मांडावं. माझ्यानंतर बोलण्याचा त्याला अधिकार आहे.” एवढे बोलून ते बसले. अनंतराव घाईघाईने पाणी प्यायले.

सरंजामे उठले आणि त्यांनी त्या नीरवतेवर मध ओतायला आरंभ केला. लेखकाची भाषा, लेखकाचा करारीपणा, लेखकाची विनोदबुद्धी. “आणि तो टेलिफोनचा प्रसंग!” ते म्हणाले. “कथा म्हणून याला तोड नाही. लेखी द्यायचं असतं तर फोन कशाला केला असता! वा! हे वाक्य एखाद्या खऱ्या अधिकाऱ्याला सुचलं नसतं हो. त्याला प्रतिभाच लागते.” सभागृह खळखळून हसले. मी शपथेवर सांगतो, हसले. ज्या वाक्यावर एका मृताचा न्याय बुडाला, त्या वाक्यावर आमची सुसंस्कृत माणसे टाळ्या वाजवीत होती, आणि त्यांत न्यायाधीशही होते.

शकुंतला एकटीच हसली नव्हती. तिने पदर सावरला आणि ती दाराकडे वळली.

आमच्या सभांचा अलिखित नियम आहे की अध्यक्षांच्या भाषणानंतर कोणी बोलायचे नाही. भालचंद्ररावांचा चेहरा तापल्या तांब्यासारखा झाला होता. मी व्यासपीठावर त्यांच्या मागच्या खुर्चीत होतो, तिथून त्यांच्या खांद्याला स्पर्श केला. “उठा,” मी कुजबुजलो. “आता नाही तर कधी?”

“शेवटचा शब्द त्याचा आहे, शास्त्रीबुवा,” ते दात आवळून म्हणाले. “तो त्यानं असा वापरला.” आणि ते उठले नाहीत. त्या क्षणी मला त्यांच्या व्रताचा मनापासून राग आला.

अध्यक्षांनंतर बोलायची मुभा फक्त एका माणसाला असते. पण त्याचे बोलणे कोणी बोलणे धरीत नाही, कारण त्या वेळी लोक चपला शोधत असतात. मालतीबाई आभारप्रदर्शनाला उठल्या. सभागृहाबद्दल व्यवस्थापनाचे आभार, ध्वनिक्षेपकाचे, सतरंज्यांचे, चहाचे. सारे नित्याप्रमाणे, त्याच एकसुरी आवाजात. अर्धी सभा उभी राहिली होती.

“शेवटी अध्यक्षांचे विशेष आभार,” त्या त्याच सुरात म्हणाल्या. “तो फोन ही लेखकाची कल्पना आहे, असं साहेब आता म्हणाले. त्या सकाळी फोन मी उचलला होता. साहेब म्हणाले होते, ‘वहिनी, सरंजामे बोलतोय. नाश्ता झाला का? जरा भालचंद्ररावांना द्या, ते कोर्टात निघायच्या आत.’ एका खुनाचा खटला बुडवायच्या घाईतही साहेबांनी आमच्या नाश्त्याची चौकशी केली. त्याबद्दल मंडळाच्या वतीने मी त्यांची अत्यंत ऋणी आहे.”

उभे राहिलेले लोक उभेच राहिले. दाराशी शकुंतला थांबली.

सरंजामे यांनी आरोप शांतपणे पचविला असता. आयुष्यभर तेच केले होते. पण आभारात, लोकांच्या बायकामुलांसमोर, घरगुती विचारपुशीची अशी वाच्यता? त्यांच्या खानदानी रीतीभातींना ते सोसले नाही. ते ताडकन उठले.

“मालतीवहिनी, हे शोभत नाही! मी घरी फोन केला तो आपला माणूस म्हणून केला. घरचं बोलणं घरात राहायचं असतं! मला सरकारी खाक्यानं करायचं असतं तर मी ऑफिसात नसता का केला? इतक्या विश्वासानं बोललेलं असं सभेत, आणि तेही आभार मानताना! ही कुठली रीत?”

बोलता बोलताच आपण काय बोललो हे त्यांना उमगले असावे. बोलताना उगारलेला हात तसाच वर राहिला. कोणी हसले नाही, कोणी टाळी वाजवली नाही.

भालचंद्रराव खुर्चीतून अर्धवट उठले. “मला आणखी काही विचारायचं नाही,” ते म्हणाले. न्यायालयात साक्षीदाराला सोडताना ते हेच म्हणत.

सरंजामे यांचे नाव मी या लेखात घेऊ शकलो ते यामुळे. त्यांनी उत्तर दिले आहे.

सत्कार संपल्यावर अनंतराव रडकुंडीला आले होते. “पुढच्या वर्षी हॉल कसा मिळणार?” एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत होते. उत्तर दिले असते तर माझ्या वयाला न शोभणारे शब्द तोंडातून गेले असते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शकुंतला वझलवारांच्या फाटकाशी आली. कडी उघडून पहिल्यांदाच आत आली. मी ओट्यावर होतो. मला वाटले, आता ती नमस्कार करील, डोळ्यांतून पाणी काढील. तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

“काहून नाही बोलले तुमी?” ती उभ्या उभ्या म्हणाली. “एवढे वर्स मी इथून जाताना तुमाले शिव्याशाप देत गेली. चुकीच्या माणसाले दिले. तो तिकडं अरेरा कॉलनीत मजेत जेवला. तुमच्या कायद्यापायी मायं वैरसुद्धा वाया गेलं, साहेब!”

भालचंद्ररावांनी हातातले वर्तमानपत्र घडी घालून खाली ठेवले.

“आता काय होते?” तिने विचारले. “त्यानं कबूल केलं. खटला परत उभा राहते काय?”

“नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज संतापाने घोगरा झाला होता. “आरोप निश्चित झाल्यावर खटला मागे घेतला, तर आरोपी कायमचा निर्दोष ठरतो. कायदा तसा आहे.”

“मंग ठेवा तो कायदा तुमच्यापाशी.” ती वळली, दोन पावले गेली आणि परत आली. “पुस्तक परत छापणार म्हणते बाई. त्या साहेबाचं नाव लिवान?”

“लिहीन.”

“मायं लिवलं नवतं तुमी. मृताची पत्नी! मले नाव नाही का? मी जिवावर उदार होऊन पिंजऱ्यात उभी राहिली अन् तुमी मले लपवून ठेवलं.”

“तुमच्या जिवाला धोका होता, म्हणून.”

“तो तवाबी होता. तवा मले नावानं पुकारलं होतं कोर्टात, जोरानं.”

मालतीबाई आतून पाण्याचा पेला घेऊन आल्या. शकुंतला पाणी प्यायली नाही. पेला ओट्याच्या कठड्यावर ठेवला. भालचंद्ररावांनी समोरची खुर्ची पुढे केली, मग काय वाटले कोणास ठाऊक, ती बाजूला सारली आणि स्वतः उठून उभे राहिले. न्यायालयात ते साक्षीदारासमोर उभे राहत तसे. उपरणे झटकून खांद्यावर घेतले.

“आपलं नाव?” त्यांनी विचारले.

ती त्यांच्याकडे रोखून पाहत राहिली. पलीकडच्या ओळीतल्या खिडक्या उघडल्या होत्या. मग तिने हात समोरच्या कठड्यावर ठेवले.

“शकुंतला मोहन बावणे.”

“काल साक्ष जिथं थांबली होती, तिथून पुढं सांगा.”

त्या ‘काल’मध्ये एक तप बुडाले होते. तिला ते विचित्र वाटले नाही. तिचा आवाज त्या पुढाऱ्याच्या, त्या अधिकाऱ्याच्या आणि आम्हा सर्वांच्या निर्लज्ज शांततेवर आसुडासारखा कडाडला.

“डबा मायाच हातात होता,” ती म्हणाली. “त्यानं सळी दुसऱ्यांदा उगारली तवा मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं.”